शिकारी व पर्वतीय बूट

शिकारी व पर्वतीय बूट : डोंगराळ, खडकाळ व हिमाच्छादित प्रदेशात शिकारी, वनरक्षक, वाटाडे, गिर्यारोहक इ. वापरीत असलेली जाड चामड्याची, घोट्याच्या वर येणारी व नाडीने आवळून बांधावयाची पादत्राणे. सपाट जंगलातील शिकारी बूट आणि पर्वतावरील शिकारी बूट दिसण्यात सारखे वाटले, तरी त्यांची कार्ये भिन्न आहेत. जंगलात सावजाच्या मागावर निःशब्द चालावे लागते. पायाखालची काटकी मोडण्यापूर्वी तळव्याला जाणवावी, म्हणून तेथील बुटाचा तळ पातळ व लवचिक असतो. ओले गवत व झुडपे यांपासून संरक्षण मिळावे म्हणून त्याची उंची अधिक ठेवतात. पर्वतावर, विशेषतः तिरप्या उतारावर, शरीराचा सर्व भार पुष्कळदा बुटाच्या एका कडेवर पडतो. अशा वेळी मऊ तळाचा बूट पिळवटतो, पाऊल आतल्या आत घसरते आणि घोटा मुरगळतो. शिवाय यशस्वी शिकाऱ्याला परततीच्या वाटेवर सावजाचा भार पाठीवर घेऊन उतरावे लागते. म्हणून पर्वतीय बुटाचा तळ जाड व ताठ, टाच खोलगट व पक्की आणि घोट्याभोवतीचे चामडे आधार देणारे असावे लागते.

हा फरक लक्षात न घेता एका प्रदेशासाठी बनविलेला बूट दुसऱ्या प्रदेशात वापरला जातो आणि मग दोष चामड्याला दिला जातो. वस्तुतः चांगल्या बुटाचे चामडे झिजून फाटले व त्यामुळे तो टाकावा लागला, असे क्वचितच घडते. बूट निकामी होतो तो बहुधा शिवणीत, तळाच्या जोडात किंवा चुकीच्या रीतीने वाळविल्यामुळे. अमेरिकेतील मेन राज्यात एल. एल. बीन यांनी १९१२ मध्ये रबरी तळभाग व चामडी वरचा भाग असलेले शिकारी बूट विकावयास काढले. दलदलीच्या जंगलासाठी ही कल्पना उत्तम होती. परंतु पहिल्या १०० जोड्यांपैकी ९० जोड्या परत आल्या, कारण रबर शिवणीपाशी टाक्यांतून फाटत होते. बीन यांनी ग्राहकांचे पैसे परत केले, रबर सुधारून घेतले आणि तोच बूट पुढे विख्यात झाला. चामडे शाबूत व जोड निकामी, हा प्रकार पर्वतीय बुटांच्या बाबतीतही वारंवार आढळतो.

इतिहास : आल्प्स पर्वतात ऑस्ट्रिया-इटली सीमेवर ३,२१० मी. उंचीवर १९९१ मध्ये हिमनदीच्या बर्फात सापडलेल्या, सु. ५,३०० वर्षांपूर्वीच्या ‘ओत्झी’ या मानवाच्या पायात अस्वलाच्या कातड्याचा तळ व हरणाच्या कातड्याचा वरचा भाग असलेली पादत्राणे होती. आत झाडाच्या अंतर्सालीच्या दोऱ्यांचे जाळे विणून त्यात वाळलेले गवत भरलेले होते. बाहेर झिजेला टिकणारे कातडे आणि आत हवा कोंडून धरणारा थर ही त्यामागील योजना आधुनिक बुटांतही कायम आहे.

आल्प्समधील आरोहणाचा प्रारंभ गिर्यारोहकांनी नव्हे, तर शॅमॉय या रानबकरीसदृश प्राण्याचे शिकारी व स्फटिक गोळा करणारे डोंगरी लोक यांनी केला. ८ ऑगस्ट १७८६ रोजी माँ ब्लाँ शिखर सर करणाऱ्या दोघांपैकी एक डॉक्टर मीशेल पाकार हा होता, तर दुसरा झाक बाल्मा हा असाच एक शिकारी व स्फटिकशोधक होता. पुढे या लोकांतूनच वाटाडे तयार झाले व त्यांचेच बूट गिर्यारोहणाचे बूट ठरले. या बुटांच्या चामडी तळाला लोखंडी खिळे ठोकलेले असत. मऊ लोखंडाचे रुंद डोक्याचे खिळे खडकात थोडे दबून पकड घेत. जिनीव्हाचा जवाहिऱ्या फेलिक्स झनकाँ याने १९१० नंतरच्या काळात दातेरी कडा असलेले कठीण पोलादी खिळे प्रचारात आणले. त्याच्याच टोपणनावावरून ते ‘त्रिकुनी’ म्हणून ओळखले जातात. एव्हरेस्टवर १९२४ मध्ये नाहीसा झालेला जॉर्ज मॅलरी याचा मृतदेह १९९९ मध्ये सु. ८,१५० मी. उंचीवर सापडला, तेव्हा त्याच्या पायात खिळे ठोकलेला चामडी बूट होता. पाऊण शतक वारा, ऊन व हिम यांत राहूनही ते चामडे ओळखता येण्याजोग्या स्थितीत होते; कोरड्या थंडीत चामडे किती टिकते, याचे हे उदाहरण होय.

खिळ्यांचे दोन मोठे दोष होते. ते पायाची उष्णता वाहून नेऊन बर्फात सोडत. आणि वारंवार निघून पडल्याने त्यांच्या भोकांतून तळात पाणी शिरे. शिवाय गुळगुळीत खडकावर ते घसरत. म्हणून आल्प्समधील आरोहक कड्याच्या पायथ्याशी जड बूट काढून ठेवीत व नमद्याच्या किंवा सुतळीच्या तळाचे हलके जोडे घालून वर चढत. या प्रथेची किंमत १९३५ मध्ये इटली-स्वित्झर्लंड सीमेवरील पुंता राझिका या शिखरावर मोजावी लागली. तेथे हलके जोडे घालून चढलेले पथक अचानक उठलेल्या हिमवादळात सापडले व त्यातील सहा जण मरण पावले. त्या चढाईशी संबंध असलेला मिलानचा वाटाड्या व्हिताले ब्रामानी याने त्यानंतर खडक, हिम व पायवाट या तिन्हींवर चालेल असा एकच तळ तयार करण्याचा ध्यास घेतला. पिरेली या रबर-कंपनीच्या साहाय्याने त्याने १९३७ मध्ये व्हल्कनीकृत रबराचा, खोल खाचांचा तळ सिद्ध केला. त्याच्या नावाच्या आद्याक्षरांवरून हा तळ ‘व्हिब्राम’ या नावाने प्रसिद्ध झाला. १९५४ मध्ये के-टू शिखर प्रथम सर करणाऱ्या इटालियन मोहिमेने हेच तळ वापरले. तथापि खिळे लगेच अस्तंगत झाले नाहीत. शेवाळलेल्या ओल्या खडकावर व कठीण बर्फावर रबर खिळ्यांपेक्षा अधिक घसरते. त्यामुळे ब्रिटनमध्ये पुढेही अनेक वर्षे हा वाद चालू होता. बर्फावरील उणीव पुढे बुटावर बांधावयाच्या काटेरी पोलादी सांगाड्यांनी (क्रॅम्पॉन) भरून काढली. ओल्या शेवाळावरील उणीव मात्र रबराचा कोणताही प्रकार पूर्णपणे दूर करू शकलेला नाही.

चामडे : गायी-बैलांच्या कातड्याचा छेद घेतल्यास केसांकडील बाजूस अत्यंत घट्ट विणीचा पातळ पृष्ठस्तर व त्याखाली कोलॅजेन या प्रथिनाच्या एकमेकांत गुंतलेल्या तंतूंचा जाड स्तर दिसतो. पाण्याला व घर्षणाला रोध प्रामुख्याने पृष्ठस्तर करतो, तर ताणबल खालच्या स्तरात असते. पृष्ठस्तर घासून न काढता राखलेले, २.२ ते ३ मिमी. जाडीचे चामडे पर्वतीय बुटास उत्तम समजतात. जाड कातडे आडवे चिरून काढलेला खालचा थर स्वस्त असतो. त्यावर रंग व लेप चढविल्यास तो प्रथमदर्शनी अस्सल चामड्यासारखा दिसतो, परंतु घड्यांच्या ठिकाणी लेप फुटला की पाणी शोषू लागतो. काही कारागीर उत्तम चामडेच उलटे, म्हणजे मांसाकडील खरखरीत बाजू बाहेर ठेवून वापरतात. असा बूट दिसावयास ओबडधोबड असला, तरी खडकावर घासला जातो तो खरखरीत थर आणि मोलाचा पृष्ठस्तर आत सुरक्षित राहतो.

कातडे कमावण्याच्या दोन प्रमुख पद्धतींचा बुटाच्या टिकाऊपणाशी निकटचा संबंध आहे (→ कातडी कमावणे). ओक, बाभूळ, हिरडा इत्यादींतील टॅनिनाने कमावलेले चामडे घट्ट व ताठ असून दिलेला आकार धरून ठेवते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस प्रचारात आलेल्या क्रोम पद्धतीचे चामडे मऊ, लवचिक व पाण्यात कमी फुगणारे असते. म्हणून बुटाचा वरचा भाग सामान्यतः क्रोम चामड्याचा, तर आतला तळ वनस्पतिज पद्धतीने कमावलेल्या चामड्याचा करतात. ओल्या अवस्थेत तापविल्यास कच्चे कातडे सु. ६०°–६५° से. तापमानास आक्रसते, वनस्पतिज चामडे सु. ७०°–८५° से. पर्यंत तग धरते व पुरेसे क्रोम मुरलेले चामडे १००° से.च्या आसपास टिकते. शेकोटीजवळ वाळविलेला ओला बूट बाहेरून धडधाकट दिसूनही आतून का नासतो, याचे उत्तर या आकड्यांत आहे. वरचा क्रोम चामड्याचा भाग वाचतो; मात्र आतला तळ आक्रसून तडकतो आणि त्यास धरून असलेल्या शिवणीचा आधारच जातो. डिंकाने चिकटविलेल्या तळाचा डिंकही त्याच उष्णतेने सैल होतो.

बांधणी : कलबुतावर चढविलेला वरचा भाग तळाशी कसा जोडला आहे, यावर बुटाचे आयुष्य प्रामुख्याने अवलंबून असते. जुन्या आल्पीय पद्धतीत वरच्या चामड्याची कड आत न दुमडता बाहेर वळवितात व मेण लावलेल्या जाड दोऱ्याच्या दोन किंवा तीन समांतर शिवणींनी ती आतल्या व मधल्या तळास जखडतात. ही शिवण बाहेरून दिसते. बाहेर वळलेल्या कडेमुळे पाणी सांध्यातून आत शिरण्याऐवजी ओघळून जाते. यंत्राने करावयाच्या गुडइयर पद्धतीत वरच्या भागाची कड आत दुमडून तिला चामड्याची अरुंद पट्टी शिवतात आणि पट्टीला बाहेरचा तळ शिवतात. दोन्ही पद्धतींत झिजलेला तळ उसवून नवा बसविता येतो. वरचा भाग चांगला असेल, तर असे दोन-तीन वेळा करता येते. केवळ डिंकाने चिकटविलेला तळ हलका व स्वस्त असतो आणि चिकटविण्याचे काम काळजीपूर्वक झाले असल्यास पाणीही अडवितो.

वरचा भाग शक्य तितक्या कमी तुकड्यांचा असावा, हा जुन्या चर्मकारांचा दंडक आजही खरा आहे. चामड्याच्या प्रत्येक जोडावर आरीची भोके व दोरा येतो. घसाऱ्यावरून उतरताना टोकदार दगड चवड्याच्या दोन्ही बाजूंस सतत घासतात. त्या घर्षणाने चामड्याच्या आधी दोरा तुटतो. म्हणून शिवणी टाचेकडे व आतल्या बाजूस नेतात आणि पुढील भागाभोवती रबराची रुंद पट्टी बसवितात. जीभ दोन्ही कडांनी वरच्या भागास सलग शिवलेली नसेल, तर बुटाचे इतर सर्व गुण ओढा ओलांडताना व्यर्थ ठरतात. तळात कमानीखाली पोलादी पट्टी घातल्याने ताठपणा येतो. ही पट्टी निकृष्ट असल्यास चवड्यामागे मोडते आणि मग बूट दुरुस्त करण्यापलीकडे जातो.

चामड्याची खरी परीक्षा बोटांच्या मुळाशी पडणाऱ्या घडीत होते. दिवसाला १५,००० पावले धरल्यास प्रत्येक बूट ७,५०० वेळा वाकतो; वर्षातून ४० दिवस चालणाऱ्याच्या बुटाच्या बाबतीत ही संख्या ३ लाख होते. चामड्यातील तंतू तेल व मेद यांमुळे एकमेकांवरून सरकू शकतात, तोवर ही वाकणूक ते सहन करतात. मेद निघून गेला की तंतू एकमेकांस चिकटतात, घासतात व तुटू लागतात. त्यातच घडीत साचलेली बारीक वाळू काचकागदासारखे काम करते. पृष्ठस्तराला प्रथम केसासारख्या बारीक चिरा पडतात आणि त्या खोल गेल्यावर कोणत्याही मलमाने भरून येत नाहीत.

पाणी व थंडी : कितीही मेण चोळले, तरी चामडे रबरासारखे जलाभेद्य होत नाही. पायाचा घाम वाफेच्या रूपाने बाहेर जाऊ देणे हा चामड्याचा गुण आणि दीर्घकाळ ओल्या हिमात पाणी शोषणे हा त्याचा दोष, ही दोन्ही एकाच सच्छिद्र रचनेची फळे आहेत. पाण्याची उष्णतावाहकता स्थिर हवेच्या सु. २५ पट असल्यामुळे भिजलेला बूट पायाची उष्णता झपाट्याने बाहेर नेतो. रात्री तोच बूट तंबूत गोठून लाकडासारखा कठीण होतो आणि सकाळी त्यात पाय घालणे अशक्य होते. म्हणून हिमावर मुक्काम करणारे आरोहक बूट पिशवीत घालून आपल्याजवळ अंथरुणात घेतात. बूट अतिशय घट्ट बांधल्यास रक्ताभिसरण मंदावून हिमदंशाचा धोका वाढतो.

१९५० मध्ये अन्नपूर्णा शिखर सर करणाऱ्या फ्रेंच मोहिमेतील मॉरीस एर्झोग व लुई लाशनाल या दोघांनाही तीव्र हिमदंश झाला व दोघांच्याही पायांची बोटे कापून टाकावी लागली. एर्झोगने हाताची बोटेही गमावली. आल्प्समध्ये निर्वेध चालणारा चामडी बूट ८,००० मी. उंचीवर पुरेसा नाही, हे या घटनेने स्पष्ट झाले. १९५३ च्या ब्रिटिश एव्हरेस्ट मोहिमेसाठी पादत्राण-संशोधन संस्थेकडून खास बूट तयार करून घेण्यात आले. त्यांत पातळ करडाच्या चामड्याच्या वरच्या भागात सावरीच्या कापसासारख्या तंतूंचा जाड थर व सूक्ष्मकोशी रबराचा हलका तळ होता. ते उष्ण होते, पण नाजूकही होते आणि खडकाळ वाटेवर दीर्घकाळ वापरण्याजोगे नव्हते. पुढे आत वेगळा बूट असलेले दुहेरी चामडी बूट आले आणि १९८० च्या दशकात अत्युच्च शिखरांवर त्यांची जागा प्लॅस्टिकच्या कवचाच्या बुटांनी घेतली. चामड्याचे क्षेत्र आता हिमरेषेखालील खडक, घसारा, गवताळ उतार व उन्हाळी हिम एवढेच उरले आहे. परंतु पर्वतात चालणाऱ्या बहुसंख्य लोकांचे क्षेत्रही तेवढेच असते.

निगा : वापरानंतर बूट थंड पाण्याने व ब्रशाने धुऊन चिखल काढावा. चिखल वाळताना चामड्यातील ओलावा व मेद शोषून घेतो. म्हणून चिखलाने भरलेला बूट तसाच ठेवणे हे त्यास भिजविण्यापेक्षाही वाईट होय. आतला सुटा तळ काढून, आत वर्तमानपत्राचे बोळे भरून व ते वेळोवेळी बदलून बूट सावलीत वाळवावा. किंचित दमट असतानाच मेण किंवा मेणयुक्त मलम शिवणींवर व घड्यांवर चोळावे. चरबी व माशाचे तेल यांचे जुने मिश्रण पाणी अडविण्यास परिणामकारक असले, तरी अतिरेकी वापराने चामडे लिबलिबीत होते, घोट्याचा आधार जातो व चामड्याची छिद्रे बुजतात. नवे बूट थेट लांबच्या मोहिमेवर न नेता काही आठवडे घराजवळच्या वाटांवर वापरून पायाशी जुळवून घ्यावे लागतात. जाड चामड्याच्या बाबतीत हे टाळता येत नाही. बूट निवडताना जाड मोजा घालून उतारावर उभे राहून पाहावे. त्या स्थितीत बोटे पुढे टेकत असल्यास दीर्घ उतरणीत नखे काळीनिळी होतात.

साठवणीत एक धोका अलीकडच्या बुटांतून उद्भवला आहे. अनेक बुटांच्या मधल्या तळात पॉलियुरेथेनाचा फेस असतो. दमट हवेत त्याचे जलीय विच्छेदन होते आणि काही वर्षांनी तो न वापरताही चुरा होऊन गळू लागतो. वरचे चामडे नव्यासारखे असताना चालता चालता तळ निखळून पडण्याचे प्रकार यामुळे घडतात. बूट जपून ठेवल्याने हा दोष टळत नाही. जुना बूट दूरच्या वाटेवर नेण्यापूर्वी त्याचा तळ अंगठ्याने दाबून व वाकवून पाहणे एवढाच उपाय आहे.

आधुनिक पर्याय : १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून नायलॉन व पातळ चामडे यांचे हलके बूट आणि वाफ बाहेर सोडून पाणी अडविणाऱ्या पटलांचे अस्तर प्रचारात आले. पायातील वजन पाठीवरील त्याच वजनाच्या सु. ५ पट श्रम घेते, असे मानले जाते. १.८ किग्रॅ. वजनाच्या चामडी जोडीऐवजी १ किग्रॅ.ची जोडी वापरणाऱ्याचा लाभ त्यामुळे उघड आहे. तथापि नायलॉन टोकदार दगडावर लवकर फाटते, त्याच्या जोडांची संख्या अधिक असते आणि अस्तरातील पटल एकदा भोक पडल्यावर दुरुस्त होत नाही. चिन्हांकित पायवाटेवर हलका बूट श्रेयस्कर होय. वाट सोडून, भार घेऊन, अनेक दिवस घसाऱ्यावर चालणाऱ्या शिकाऱ्याला किंवा वनरक्षकाला मात्र जड चामडी बूटच अखेर परवडतो.

भारतात जड पर्वतीय बुटांचा वापर मुख्यतः हिमालयात, सेना व गिर्यारोहण संस्था यांच्यापुरता राहिला आहे. सह्याद्रीतील परिस्थिती निराळी आहे. येथे भटकंतीचा मोठा भाग पावसाळ्यात होतो. ओढे वारंवार ओलांडावे लागतात, बूट भिजणे अटळ असते आणि भिजलेले जाड चामडे जुलैच्या हवेत आठवडाभर वाळत नाही. उलट त्यावर बुरशी येते व शिवणीतील सुती दोरा कुजतो. त्यामुळे रबरी तळाचे कापडी बूट येथे अधिक सोयीचे ठरले आहेत. मात्र सह्याद्रीच्या जंगलांतील हिरडा व पठारावरील बाभळीची साल ही कातडे कमावण्याची उत्तम द्रव्ये असून त्यांच्यावर कमावलेल्या चामड्याच्या कोल्हापुरी वहाणा तापलेल्या काळ्या खडकावर व काटेरी माळावर पिढ्यान्‌पिढ्या वापरल्या गेल्या आहेत. बोटे मोकळी असल्याने त्या लवकर वाळतात. या वहाणांच्या जाड तळाचे चामडे आणि आल्पीय बुटाच्या आतल्या तळाचे चामडे ही दोन्ही टॅनिनानेच कमावलेली असतात.